दरडोई उत्पन्न दोन लाख : मग आमच्या घरातले दहा लाख गेले कुठे?

सोयाबीनवाला

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतोच.

परवा बाबा पेपर वाचत ओट्यावर बसले होते. बातमी होती की देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आसपास पोचलं. बाबांनी चष्मा काढला आणि मला हाक मारली. "दरडोई म्हंजे मानशी ना रे? घरात आपन पाच. मंग माहे दोन लाख कोनापाशी हायेत?"

मी वाशीम जिल्ह्यातला. पाच एकर कोरडवाहू. गेल्या हंगामात सोयाबीन झालं ३२ क्विंटल, भाव मिळाला ४,१००. म्हणजे १,३१,२०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी धरून एकरी १७ हजार गेले, म्हणजे ८५ हजार. हातात राहिले ४६,२००. घरच्यांची मजुरी धरलेलीच नाही. मी तालुक्याला एका खासगी शाळेत मानधनावर शिकवतो, महिना १४ हजार. म्हैस आहे, थोडी तूर आहे. कसंही ओढूनताणून दहा लाख होत नाहीत.

सरासरी म्हणजे काय ते मला कळतं, वर्गात शिकवतोच. पण ज्या आकड्यात माझ्या गावातलं एकही घर बसत नाही, त्यावरून देश सुखी झाला की नाही हे ठरवतात कसं? आणि बाबांना काय उत्तर देऊ?

पंगतवाढपी

सोप्पंय. पंगतीत दोघे बसले. एकाने आठ मोदक हाणले, दुसऱ्याला वरण-भातावर उठवलं. दरडोई मोदक चार. तुमच्या बाबांचे मोदक कुणीतरी खाल्लेत, एवढंच.

खडूस_आजोबा

धाग्याचं नाव वाचून वाटलं घरफोडी झाली.

गोखलेनगरकर

पंगतवाढपींचा मोदक अर्धाच खरा आहे. वाटप विषम आहे हे खरंच, पण सगळं उत्पन्न समसमान वाटलं तरी तुमच्या घरात दहा लाख रोख येणार नाहीत. कारण हा आकडा 'हातात येणाऱ्या पैशाचा' नाहीच.

दरडोई उत्पन्न म्हणून पेपरात छापतात ते म्हणजे निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न भागिले लोकसंख्या. वर्षभरात देशात जी मूल्यवाढ झाली तिची बेरीज (म्हणजेच जीडीपी), त्यातून यंत्रं-इमारतींची झीज वजा, परदेशाशी झालेली मिळकतीची देवघेव जमेस किंवा वजा. कंपन्यांनी कमावलेला पण भागधारकांना न वाटलेला नफा यात असतो. सरकारकडे जाणारे करही असतात. ते दोन लाखांत मोजले जातात, पण कुणाच्याच स्वयंपाकघरात येत नाहीत.

उलट काही गोष्टी तुमच्याही नकळत तुमच्या नावावर लागतात. वडिलांनी घरी खायला ठेवलेली तूर बाजारभावाने धरली जाते. स्वतःच्या घरात राहता, तर त्या घराचं अंदाजे भाडं तुम्ही स्वतःलाच देता असं मानून तेही मिळवतात.

मूल्यवाढ कशी काढतात ते तुम्ही नकळत केलंच आहे. १,३१,२०० उत्पन्न नव्हे. खत कारखान्याची मूल्यवाढ कारखान्याच्या खात्यावर आधीच मोजलेली आहे, म्हणून ती तुमच्यातून वजा. मात्र सोंगणीच्या मजुरीचे पैसे देशाच्या बेरजेत राहतात, कारण ते मजुराचं उत्पन्न आहे. म्हणजे तुमच्या शेताने ४६,२०० हून बरंच जास्त पिकवलं, फक्त सगळं तुमच्या घरात आलं नाही.

सोयाबीनवाला

@गोखलेनगरकर, घरभाड्याचं बाबांना सांगितलं तर ते मलाच घराबाहेर काढतील. पण मुद्दा कळला. वाचतोय, लिहा.

पोळपाट_लाटणं

घरची तूर मोजली जाते म्हणता. त्या तुरीचं वरण कोण करतं? ते मोजतात?

गोखलेनगरकर

नाही. घरात पिकवलेला माल मोजतात, घरात केलेली सेवा मोजत नाहीत. स्वयंपाक, धुणी, मुलं, आजारपण सगळं बाहेर.

पोळपाट_लाटणं

हेच अपेक्षित होतं. आता माझी गोष्ट ऐका.

सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. पहिली दोन वर्षं माझ्या जाऊबाईंनी केलं. अंघोळ, बेडपॅन, रात्री दर दोन तासांनी कूस बदलणं. जाऊबाईंची स्वतःची पाठ गेली. मग आमच्याकडे आणलं. मी नोकरी करते म्हणून दिवसभराची बाई ठेवली, महिना १८ हजार. काम तेच, कूस तीच. पण जाऊबाईंची दोन वर्षं देशाच्या हिशेबात शून्य आणि आमच्या बाईचे वर्षाचे २,१६,००० जमा. बाईंना पगार मिळतो हे उत्तमच, तो मिळायलाच हवा. पण मग जाऊबाई काय करत होत्या, विश्रांती?

२०१९ मध्ये सरकारनेच वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातल्या बिनपगारी कामात पडणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. आणि त्या ९७ मध्ये 'मी आज चहा केला होता' हे किती वेळा सांगितलं तेही धरलं असावं.

पंगतवाढपी

यावर अर्थशास्त्रात जुना विनोद आहे. एखाद्याने आपल्या स्वयंपाकीणबाईंशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न घटतं. काम तेच, पगार बंद.

पोळपाट_लाटणं

विनोद कसला, अर्ध्या महाराष्ट्राचं वास्तव आहे.

चहा_केला_होता

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

लिफीकाठचा_लिमये

डब्लिनहून लिहितोय. दरडोईच्या यादीत आमचा आयर्लंड पहिल्या पाचात असतो, माणशी एक लाख डॉलरच्या वर. सोयाबीनवाल्यांच्या बाबांसारखाच प्रश्न मलाही पडतो की माझे कुठे आहेत. एका बेडरूमचं भाडं महिना दोन हजार युरो. चाळिशीतले इंजिनीयर फ्लॅट शेअर करून राहतात आणि फ्रिजमध्ये दुधावर नाव लिहून ठेवतात.

गंमत २०१५ ची आहे. त्या वर्षी आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. ना नवे कारखाने दिसले, ना रस्त्यावर दिवाळी. झालं होतं इतकंच की ॲपलसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री इथे आणली. विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचीही भर होती. पेटंट आलं कागदावर, त्यावरचा जगभरचा नफा इथला म्हणून नोंदला गेला, भागिले ४७ लाख लोक. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनने याला 'लेप्रेकॉन अर्थशास्त्र' म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश दंतकथेतला सोन्याचं मडकं लपवून ठेवणारा बुटका.

शेवटी इथल्या सांख्यिकी कार्यालयालाच कसंतरी वाटलं असावं. २०१७ पासून ते 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' असा वेगळा आकडा काढतात, ज्यातून हा कागदी भाग गाळलेला असतो. तो जीडीपीच्या जेमतेम ५५-६० टक्के भरतो.

रोखठोक

आता रडगाणी थांबवा जरा.

ही फॅशनच झालीय. जीडीपी खोटा, सरासरी फसवी, पैशाने सुख मिळत नाही. हे म्हणणारे बहुतेक एक तारखेला पगार जमा होणारे. मी खानदेशातल्या दुष्काळी गावात वाढलो. १९७२ ला आजोबा रोजगार हमीच्या पाझर तलावावर खडी फोडत होते आणि घरात सुकडी यायची. माझ्या आजीची सात मुलं, त्यांतली तीन जगली. १९७१ ला आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जायची. आज तो आकडा तिशीच्या आत आहे. लस, रस्ता, दवाखाना, रेशन हे सगळं पैशातूनच उभं राहिलं ना?

मला एक असा देश दाखवा जिथे दरडोई दोन हजार डॉलर आहे आणि कॅन्सरचे उपचार सगळ्यांना मिळतात. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरिया आणि घाना दरडोईत साधारण एकाच पंगतीत होते. आज कोरियात जाऊन विचारा, सरासरी फसवी आहे का म्हणून.

आपण जगातली चौथी की पाचवी अर्थव्यवस्था म्हणून फटाके फोडतो आणि दरडोईच्या यादीत मात्र १३० च्या पुढे असतो. जमिनीवर पाय ठेवायला लावणारा हा एकच आकडा आहे. आणि तुम्ही त्यालाच शिव्या देताय.

गोखलेनगरकर

शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. एकूण जीडीपीवर नाचणाऱ्यांसाठी दरडोई हा उत्तम उतारा आहे.

मलबारहिल_नव्हे_मलबार

@रोखठोक, देश नाही, राज्य दाखवते. नोकरीनिमित्त बारा वर्षं कोळिकोडला आहे. १९७५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने संयुक्त राष्ट्रांसाठी केरळचा अभ्यास केला. तेव्हा केरळचं दरडोई देशाच्या सरासरीपेक्षा कमी होतं, पण आयुर्मान, साक्षरता, बालमृत्यू यांत ते देशाच्या कितीतरी पुढे. आधी दवाखाना आणि शाळा, मग पैसा असाही क्रम असू शकतो.

आणि दुसरं टोक घ्या. अमेरिकेचं दरडोई ८० हजार डॉलरच्या वर. कोस्टा रिकाचं त्याच्या पाव भागाच्या आसपास. तरी सरासरी आयुष्य कोस्टा रिकात जास्त.

रोखठोक

केरळ ठाऊक होतंच की कुणीतरी आणणार. ताई, आज केरळचं दरडोई देशाच्या सरासरीच्या वर आहे. आणि मधल्या काळात ते तगलं ते आखातातून येणाऱ्या पैशावर. पैसा लागलाच ना?

मलबारहिल_नव्हे_मलबार

लागला, मान्य. पण आखातातून घरी पाठवलेला पैसा राज्याच्या दरडोईत धरतच नाहीत. म्हणजे तुमचा मुद्दा खरा असेल तर तुमचा आकडा चुकतो.

रोखठोक

हा बॉल चांगला होता.

आंबा_पोळी

याच बॉलवर आमचा रत्नागिरीचा रन. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न छापतात. मुंबई वरती, नंदुरबार, गडचिरोली, वाशीम तळाला, मधलं अंतर तिपटीहून जास्त. हे मोजतात 'पिकलं कुठे' यावर, 'खाल्लं कुणी' यावर नाही.

आमच्या वाडीत चौदा घरं. नऊ घरांना बारा महिने कुलूप किंवा एक म्हातारी. सगळ्यांचे मुलगे परळ-लालबागला, आता विरार-दिव्याला. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डरी घेऊन यायचा तेव्हा वाडीत सण असायचा. माझी आजी अंगठा द्यायची आणि पोस्टमनला हातावर लाडू. आता सगळं मोबाईलवर येतं. पण चाकरमान्याने गिरणीत घाम गाळला तो मुंबईचा, त्याच्या पगारावर कोकणात घर उभं राहिलं ते कुणाच्याच दरडोईत दिसत नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याचा रोज दिसतो, बस्स.

सोयाबीनवाले, तुमच्या गावातले किती जण पुण्या-मुंबईला आहेत ते मोजा. तुमचे मोदक चाकणला कुणाच्यातरी ताटात दिसतील, आणि तो तुमच्याच शेजाऱ्याचा मुलगा असेल.

सोयाबीनवाला

आमच्या गल्लीतले सहा जण चाकण-रांजणगावला. अगदी खरंय.

दोहाचा_दत्तू

आंबा_पोळी, तुमचं उलटं इथे चालतं. कतारचं दरडोई सत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या घरात. पण इथे राहणाऱ्या दहा माणसांत मूळ कतारी जेमतेम एक-दोन. बाकी आम्ही. भागाकारात आम्हाला माणूस म्हणून धरतात, एरवी कसे धरतात ते विचारू नका.

मी साइट इंजिनीयर, माझं बरं चाललंय. पण माझ्या हाताखालच्या मजुराचं कायद्याने ठरलेलं किमान वेतन महिना एक हजार रियाल, राहणं-जेवण वेगळं. २०२१ पासून लागू झालं ते. एक हजार रियाल म्हणजे २७५ डॉलर, वर्षाचे ३,३००. यादीतला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवा. आणि कतारी कुटुंबाचं खरं उत्पन्न यादीतल्या आकड्याच्याही कितीतरी वर, कारण भाजक आमच्यामुळे मोठा झालाय. म्हणजे हा आकडा ना त्यांचा, ना आमचा.

लक्झेंबर्गला याच्या नेमकं उलट म्हणे. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांवर लोक रोज कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. पिकवायला हजर, भागायला गैरहजर. मग यादीत पहिला नंबर येणारच.

पंगतवाढपी

म्हणजे वाढपी शेजारच्या गावचे आणि पंगतीत फक्त घरचे.

मिसळ_निर्देशांक

अवांतर: डॉलरमध्ये तुलना हाच मुळात घोळ आहे. कोल्हापुरात मिसळ ८० रुपये, ठाण्यात १२०, लंडनला आमच्या ओळखीतल्या एका दुकानात साडेआठ पौंड, आणि कट मागितला तर वेगळे पैसे. मग कोल्हापूरकर गरीब कसा?

गोखलेनगरकर

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. यालाच क्रयशक्तीचं समायोजन म्हणतात, पीपीपी. बाजारभावाच्या डॉलरमध्ये आपलं दरडोई २,७०० च्या आसपास, क्रयशक्तीने धरलं तर ११ हजारांच्या आसपास. चौपट. न्हाव्याचे, घरकामाचे, रिक्षाचे दर आपल्याकडे स्वस्त आहेत त्यामुळे. पण पेट्रोल, आयफोन, एमआरआय यंत्र डॉलरच्याच भावाने येतं. तिथे पीपीपी कामाला येत नाही.

मिसळ_निर्देशांक

आणि मिसळ स्वस्त असते कारण कपबश्या विसळणाऱ्या पोराला काही मिळत नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मूड गेला.

तोक्योतली_तारा

डॉलरचा घोळ आमच्याकडून ऐका. २०१२ मध्ये जपानचं दरडोई ४९ हजार डॉलरच्या आसपास होतं, २०२३ मध्ये ३४ हजारांच्या. वाचणाऱ्याला वाटेल इथे युद्ध झालं. प्रत्यक्षात येन पडला. तेव्हा डॉलरला ८० येन होते, नंतर दीडशेच्या वर गेले. इथल्या माणसाचा येनमधला पगार तेवढाच, गाडी वेळेवर, रस्त्यावर पाकीट पडलं तर परत मिळतं. फक्त भारतात सुट्टीवर यायचं तिकीट महाग झालं. माझ्यापुरती हीच खरी मंदी.

खडूस_आजोबा

पाकीट परत मिळणं कोणत्या आकड्यात धरतात?

जुनी_पानं

धागा छान चाललाय. थोडं मागे नेतो.

हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न पहिल्यांदा नीट मांडलं ते आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टनमधल्या गणिताच्या माजी प्राध्यापकाने, दादाभाई नौरोजींनी. १८७६ मध्ये त्यांनी मुंबईत निबंध वाचला. प्रांतवार पिकाखालची जमीन, एकरी उतारा, भाव असं सगळं मांडून १८६७-६८ सालचा आकडा काढला, माणशी वीस रुपये. आणि शेजारी ठेवला तुरुंगातल्या कैद्याच्या अन्न-वस्त्राचा खर्च. तो या विसापेक्षा जास्त निघाला. म्हणजे मोकळ्या माणसापेक्षा कैदी बरा.

सोयाबीनवाल्यांना आवडेल असा तपशील पुढे आहे. दादाभाईंनी सरकारी सरासऱ्यांची खरडपट्टी काढली होती. अधिकारी काय करायचे, तर प्रत्येक जिल्ह्याचा भाव घ्यायचा, बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं. कुठल्या जिल्ह्यात किती माल पिकला ते बघायचंच नाही. आज शाळेतल्या पोरालाही भारित सरासरी येते, पण तेव्हा त्या आकड्यांवर साम्राज्य चाललं होतं.

पुढे १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस अध्यक्ष, सोबत अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपल्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. आणि अमेरिकेत हे हिशेब ज्यांनी बसवले त्या सायमन कुझनेट्सनी १९३४ च्या पहिल्याच अहवालात लिहून ठेवलं होतं की या आकड्यावरून देशाचं कल्याण ताडता येणार नाही. बनवणाऱ्याने डबीवर सूचना लिहिली होती. आपण झाकण उघडून डबी फेकून दिली.

माझ्या मते दादाभाई आणि रोखठोक एकाच बाजूला आहेत. दादाभाईंनी आकडा काढला तो गरिबी दाखवायला. आज तोच आकडा गरिबी झाकायला वापरतात.

रोखठोक

दादाभाईंच्या शेजारी बसवलंत, आता काय बोलू. दंडवत.

डिचोलीचो_दादा

मी गोंयचा. आमचं राज्य दरडोईत देशात सिक्कीमबरोबर सगळ्यात वर, माणशी पाच लाखांच्या वर. बिहार साठ हजारांच्या आसपास. लोक म्हणतात गोवेकर मजेत. थोडे असतीलही, नाही म्हणत नाही.

पण खाणीचं सांगतो. आमच्या डिचोली-सांखळी पट्ट्यात लोहखनिज. माझ्या मामाने कर्ज काढून दोन टिप्पर घेतले. ऐन भरात असताना रस्त्याला टिप्परांची सलग रांग, शाळेतून घरी आलो की पांढरा शर्ट तांबडा. मामी ओटी दिवसातून तीनदा झाडायची. कुळागरातल्या माडांच्या झावळ्यांवर धुळीचा थर, विहिरीचं पाणी पावसात चहासारखं. त्या काळात आमचं दरडोई जोरात होतं. खनिज गेलं ते मोजलं, टिप्परचं डिझेल, मांडवीतून बार्ज गेली ती मोजली, डॉक्टरकडे खोकल्याचे पैसे दिले तेही मोजले.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वर्षी राज्याचा आकडा आपटला. मामाचे टिप्पर अंगणात उभे राहिले, एकावर भोपळ्याचा वेल चढला. बँकेचे हप्ते मात्र चालू. २०१४ ला बंदी उठली, २०१८ ला परत भाडेपट्टे रद्द.

मला दोन्ही दिवस आठवतात, म्हणून मी कुठल्याच बाजूने बोलू शकत नाही. धूळ गेली तेव्हा मामीला बरं वाटलं आणि मामाची झोप गेली. पण एक गोष्ट खटकते. गोखलेनगरकरांनी वर लिहिलं की यंत्रांची झीज वजा करतात. टिप्पर झिजला ते वजा, आणि डोंगर संपला ते नाही? डोंगर विकून खाल्लेला पैसा 'उत्पन्न' कसा? वडिलोपार्जित जमीन विकून कोणी खर्च केला तर आपण त्याला कमावता म्हणतो का, उधळ्या म्हणतो?

गोखलेनगरकर

दादा, अगदी वर्मावर बोट. आजवरच्या पद्धतीत खाणीतला माल काढला ते पूर्ण उत्पन्न, साठा घटला त्याची वजाबाकी नाही. नाऊरू नावाचं पॅसिफिकमधलं बेट फॉस्फेट खणून १९७० च्या दशकात दरडोईत जगात अग्रेसर होतं. फॉस्फेट संपलं, बेटाचा मधला भाग खरवडलेला, देश दिवाळखोरीला. याउलट नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा वेगळा निधी केला, १९९६ पासून त्यात पैसे टाकायला लागले. डोंगर विकला पण पैसा नातवाच्या नावावर ठेवला. दरडोईच्या रकान्यात मात्र त्या वेळी दोघेही नुसतेच 'श्रीमंत'.

चहा_केला_होता

मग भूतानसारखं सकल आनंद मोजा ना. प्रश्न मिटला.

तोक्योतली_तारा

आनंद मोजणाऱ्या भूतानचे तरुण ऑस्ट्रेलियाला चाललेत, दरडोई शोधत.

पंगतवाढपी

नायजेरियाने सगळ्यात सोपा उपाय काढला होता. एप्रिल २०१४ मध्ये हिशेबाचं आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणलं. मोबाईल कंपन्या, सिनेमाधंदा हे आधी नीट मोजलेच नव्हते. जीडीपी एका दिवसात ८९ टक्के वाढला. रात्री झोपले गरीब, सकाळी उठले आफ्रिकेत पहिले. आदल्या दिवशीची मिसळ त्याच भावाने.

मिसळ_निर्देशांक

नायजेरियात मिसळ?

संपादक_४

सूचना: मिसळीसाठी पाककृती विभाग आहे. चहा_केला_होता यांचा एक प्रतिसाद त्यांनी स्वतःच काढला आहे, त्याबद्दल आभार.

सोयाबीनवाला

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण घरी खरोखर हिशेब मांडत बसलो होतो. बाबा, मी आणि मुलीची पाटी. गोखलेनगरकरांच्या नियमाने:

सोयाबीन खर्च जाता ४६,२००. तूर विकली पाच क्विंटल, ७,००० ने ३५,०००. घरी ठेवली तीन क्विंटल, त्याच भावाने २१,०००. म्हशीचं दूध, पेंड वजा जाता, ४२,०००. माझं मानधन १,६८,०००. आणि ते स्वतःलाच दिलेलं घरभाडं, आमच्या गावात महिना दीड हजार धरलं, १८,०००. बेरीज ३,३०,२००. भागिले पाच, ६६,०४०. म्हणजे पेपरातल्या माणसाचा तिसरा हिस्सा.

आई आणि बायकोचं काम पोळपाट_लाटणं यांच्या दराने लावून बघितलं. दोघींचे मिळून ४,३२,००० झाले, घरातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. आई म्हणाली पाटी पुसू नको, राहू दे.

मग बाबांनी विचारलं, शेतकरी सन्मानचे केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा, हे बारा हजार कुठं लिहिले? मी म्हटलं, ते धरत नाहीत, ते उत्पादन नाही, सरकारने एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिलेले. बायकोचे महिन्याचे दीड हजार येतात तेही नाही.

बाबा बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे जे हातात येते थे धरत नाही, अन जे येत नाही थे धरते." मग घरभाड्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "अन मी माह्याच घरात राहतो म्हून मले भाडं भेटते असं सरकार समजते. मंग वरून घरपट्टी कायले घेते?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. गोखलेनगरकर?

गोखलेनगरकर

माझ्याकडेही नाही. बाबांना नमस्कार सांगा.

खडूस_आजोबा

तूर ७,००० ने का विकली? दोन महिने थांबायचं होतं.

सोयाबीनवाला

सोसायटीचा हप्ता होता, आजोबा.